ऑलिव्हच्या लाकडाचे चमचे दर वर्षी फुटतात, पांढरे पडतात: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

ठाण्यात मी लाकडी भांड्यांच्या दुरुस्तीचं काम करते. पोळपाट, लाटणी, काटवटी, भाजी कापायचे बोर्ड, सगळं येतं. पण तीच तक्रार घेऊन तीच माणसं परत येतात ती ऑलिव्हच्या लाकडाच्या चमच्यांसाठी आणि उलथण्यांसाठी. हाताने कोरलेली, महागाची, बहुतेक वेळा परदेशातून कुणी आणून दिलेली किंवा वास्तुशांतीला भेट आलेली. पहिले काही महिने कौतुकाने वापरली जातात. मग पावसाळा जातो आणि दिवाळीच्या आगेमागे चमचा वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्यासमोर येतो. सोबतचं वाक्यही ठरलेलं: "अहो, तेल तर मी नियमाने लावत होते!"

लावत असतीलच. तेलावाचून फुटलेला चमचा मला क्वचितच दिसतो. धुतल्यावर तो कसा आणि किती वेळात वाळला, ह्यावर बहुतेक सगळं ठरतं. म्हणून खालच्या क्रमात तेल बरंच उशिरा येतं. पहिल्या दोन तपासण्यांना एक पैसा लागत नाही; घाई असेल तर निदान तेवढ्या करा.

लक्षणं

- दांड्याच्या टोकाला, आपण धरतो त्या बाजूला, उभी केसाएवढी चीर. आधी ती नखाला लागते, डोळ्याला नंतर दिसते.
- चमच्याचं तोंड खरखरीत झालेलं, बारीक लव उभी राहिलेली. एखादी कूस बोटात जाते.
- पांढुरका थर किंवा पांढरे ठिपके.
- हाताला चिकट, नाकाजवळ नेला तर खवट किंवा कुबट वास.
- मूळचा मधाळ तपकिरी रंग जाऊन करडेपणा, मधूनच काळे डाग.
- उलथणं ओट्यावर सपाट टेकत नाही, डुगडुगतं.
- हळदीचा पिवळा डाग, कधी लालसर. हा दोष नाही, तरी त्यासाठीही लोक येतात.
- बारीक गोल भोकं आणि खाली पिठासारखा भुसा. हे दिसलं तर मधलं सगळं सोडा आणि शेवटचा भाग वाचा.

हे लाकूड असं का वागतं

ऑलिव्हचं झाड भूमध्य समुद्राच्या काठचं. तिथे उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात. आपल्याकडे नेमकं उलट. झाड सावकाश वाढतं, खोड आखूड, पिळवटलेलं, गाठींनी भरलेलं. फळासाठी लावलेलं झाड लाकडासाठी सहसा कुणी तोडत नाही. छाटणीतल्या जाड फांद्या आणि फळ द्यायची थांबलेली म्हातारी झाडं कारागिरांकडे जातात. ट्युनिशिया, स्पेन, इटली, ग्रीस इथून अशी भांडी येतात, आणि बेथलेहेममध्ये तर ह्या लाकडाचं कोरीवकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. लांब सरळ फळी ह्यात मिळणं अवघड, म्हणून चमचा वाकड्यातिकड्या तुकड्यातूनच निघतो. रेषा लाटांसारख्या वळतात, गडद पट्टे एकमेकांत शिरतात. ते दिसायला जितकं देखणं, तितकं वाळताना हट्टी, कारण लाकूड रेषांच्या आडव्या दिशेलाच आक्रसतं आणि इथे रेषा प्रत्येक इंचाला दिशा बदलतात.

वजनाला ते भारी आहे. घनता साधारण ९०० ते १००० किलो प्रति घनमीटर. साग ६५० च्या आसपास असतो. त्यामुळे अस्सल ऑलिव्हचा चमचा बादलीत टाकला तर जेमतेम तरंगतो. छिद्रं अगदी बारीक, म्हणून आमटीचा रंग आणि वास हे लाकूड आंब्याच्या लाकडापेक्षा कमी धरतं. पॉलिश पेपर फिरवला की गोडसर, फळासारखा वास सुटतो. तो वास मला अजूनही आवडतो. पेपर मारल्यावर वासच आला नाही आणि गडद पट्टेही पुसट व्हायला लागले, तर ते ऑलिव्ह नाही, पट्टे रंगवलेले आहेत.

आता गैरसोयीची बाजू. ओलं लाकूड पूर्ण वाळेपर्यंत सागवान एका दिशेला साधारण अडीच आणि दुसऱ्या दिशेला पाच टक्के आक्रसतं. ऑलिव्ह पाच आणि जवळपास नऊ टक्के. म्हणजे हवा बदलली की हे लाकूड सागाच्या दीडपट ते दुप्पट हलणार. हवामान खात्याच्या २०२० मध्ये सुधारलेल्या तारखांनुसार मुंबईत मोसमी पाऊस सरासरी ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला परततो. ह्या चार महिन्यांत हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या घरात राहिली, तर उघड्यावरचं लाकूड हळूहळू १८-२० टक्के ओलाव्यावर स्थिरावतं. मग ऑक्टोबरचं ऊन तापतं, घरात एसी लागतो आणि तेच लाकूड ९-१० टक्क्यांकडे निघतं. हिशोब केला तर सहा सेंटिमीटर रुंदीचं उलथणं कागदावर दीड मिलिमीटरपर्यंत अरुंद होतं. सगळीकडून सारखं झालं तर काही बिघडत नाही. एक बाजू आधी वाळली आणि दुसरी मागे राहिली की मधे ताण येतो, आणि तो चीर पडूनच सुटतो. म्हणून चमचे जुलैत फुगतात आणि फुटतात मात्र ऑक्टोबर ते डिसेंबरात. लोकांना वाटतं, "पाऊस तर गेला, मग आता काय झालं?" जे झालं ते पावसातच झालं, दिसायला आत्ता लागलं.

पहिली तपासणी: स्टँड उलटा करा

ओट्यावर चमचे उभे ठेवायचा स्टीलचा किंवा चिनी मातीचा स्टँड असतो ना, तो सिंकवर उलटा करा. बहुतेक घरांत त्यातून चमचाभर गढूळ पाणी निघतं, कधी तळाशी काळपट बुळबुळीत थरही. तळाला भोकं असलेल्या स्टँडमध्येसुद्धा, कारण भोकं खरकट्याने बुजलेली असतात.

हे पहिलं का, तर लाकूड म्हणजे उभ्या, अतिशय बारीक नळ्यांची मोळी. बाजूने पाणी आत जायला वेळ लागतो. टोकाला मात्र ह्या नळ्या कापलेल्या, उघड्या तोंडाच्या असतात. तिथून पाणी कितीतरी पटींनी वेगाने आत जातं आणि तितक्याच वेगाने बाहेर पडतं. दांड्याचं टोक रोज रात्री पाण्यात उभं राहतं, दिवसा पंख्याखाली वाळतं, रात्री पुन्हा पाण्यात. चीर तिथे नाही पडणार तर कुठे पडणार? घोडबंदर रोडच्या एका काकूंनी आणलेले चमचे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या दुकानांतून घेतलेले होते आणि सगळे एकाच जागी फुटलेले: दांड्याच्या टोकाला, बोटाच्या पेराएवढ्या उंचीपर्यंत. लाकूड गडद झाल्याची रेघही तेवढ्याच उंचीवर. त्यांनी स्टँड आणलाच नव्हता, पण त्यात पाणी कुठवर साचत होतं ते मला चमच्यांवरूनच सांगता आलं.

उपाय फुकटचा आहे. धुतल्यावर चमचा फडक्याने पुसा आणि जाळीवर किंवा दोन वाट्यांच्या काठांवर आडवा ठेवा, खालून-वरून हवा लागेल असा. तासभर पंखा. मगच स्टँडमध्ये, आणि तेव्हाही स्टँड कोरडा. दुपारच्या कडक उन्हात, गॅसच्या बाजूला किंवा मायक्रोवेव्हमध्ये वाळवू नका. घाईने वाळवणं हेच तर आपण टाळतोय.

दुसरी: सिंकमध्ये किती वेळ?

रात्रीची भांडी सिंकमध्ये, वर थोडं पाणी सोडलेलं, आणि मावशी सकाळी येणार. लाकडी चमचा त्यात आठ-नऊ तास भिजतो. तुमच्या घरी असं होतं का, एवढंच प्रामाणिकपणे आठवा. होत असेल तर जेवण आटोपल्याबरोबर फक्त लाकडी भांडी स्वतः विसळून टाका. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. मावशींना "हे जपून धुवा" असं मोघम सांगून काही होत नाही. "हे भिजत घालू नका आणि ह्याला तारेची घासणी लावू नका", असं सरळ सांगितलं की लक्षात राहतं.

तारेची घासणी का नको, तर तिचे लोखंडी कण लाकडात अडकतात आणि लाकडातल्या टॅनिनशी (तुरट द्रव्याशी) संयोग होऊन काळे डाग पडतात. लोखंडी कढईत चमचा तसाच ठेवून दिला तरी हेच होतं. असे काळे डाग बुरशीचे समजून लोक घाबरतात. लिंबाची फोड मिठात बुडवून चोळा, दहा मिनिटांनी धुवा. लोखंडाचा डाग ह्याने फिका पडतो, बुरशीचा हटत नाही.

डिशवॉशर असेल तर विषयच संपला. गरम पाण्याचा मारा आणि लगेच गरम हवा, ह्यात ऑलिव्हचा चमचा फार दिवस टिकत नाही.

तिसरी: पांढरं नेमकं कशाने?

ह्यावर थोडा वेळ घालवा, कारण इथेच सगळ्यात जास्त चमचे विनाकारण फेकले जातात. पांढरं दिसलं की बुरशी, असं नसतं. तीन वेगळ्या गोष्टी सारख्याच दिसतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

आधी बोट फिरवा. थर मेणचट असेल आणि बोटाच्या उबेने वितळून पारदर्शक होत असेल, तर ते खोबरेल तेल आहे. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. ठाण्यातच येऊरच्या डोंगराच्या पायथ्याला, उपवन तलावाच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी तेवढी थंडी असते, आणि एसीच्या घरात तर बारमाही. जास्त लावलेलं तेल आत न मुरता वर राहिलं आणि थिजलं, एवढंच. गरम फडक्याने पुसा, काम झालं.

बोटाने हललं नाही तर लिंबाच्या रसाचा एक थेंब टाका. थर विरघळला, कधी बारीक बुडबुडे आले, तर ते क्षार आहेत. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी येणाऱ्या सोसायट्यांमध्ये हे फार दिसतं. ज्यांच्या घरी फक्त पालिकेचं पाणी आहे त्यांच्याकडे कमी. लिंबाने पुसा, साध्या पाण्याने धुवा, आडवं वाळवा. क्षार लाकडाचं नुकसान करत नाहीत, दिसायला वाईट दिसतात इतकंच.

पुसलं की जातं, कुबट वास मात्र राहतो, आणि दोन-तीन दिवसांत त्याच जागी पुन्हा ठिपके येतात: ही बुरशी. भिंगातून पाहिलं तर कापसासारखे तंतू दिसतात. आधी गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने धुवा. मग पांढऱ्या व्हिनेगरचं फडकं फिरवून तासभर ठेवा, पुन्हा धुवा आणि दोन दिवस पंख्याखाली आडवं ठेवा. ब्लीच वापरायची गरज नाही, आणि व्हिनेगरबरोबर तर चुकूनही नको. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद स्वयंपाकघरात तो छातीला घातक आहे.

हळदीचं ओघानेच सांगते. ओलसर पिवळ्या डागावर साबण लागला की तो लाल होतो, कारण हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल दिसतं. नीट धुतलं की परत पिवळं. सकाळच्या कोवळ्या उन्हात अर्धा-एक तास रोज ठेवलं तर काही दिवसांत फिकं पडतं. घासून लाकूड झिजवू नका.

चौथी: पाण्याचा थेंब

कोरड्या चमच्याच्या तोंडावर पाण्याचा एक थेंब ठेवा आणि चहा होईपर्यंत थांबा. थेंब गोल राहिला तर तेल पुरेसं आहे, वरून आणखी ओतू नका. थेंब पसरून खाली गडद डाग पडला तर लाकूड कोरडं पडलंय. तोंडावर थेंब टिकतो आणि दांड्याच्या टोकावर लगेच शोषला जातो, असं मला फार वेळा दिसतं. लोक दिसणाऱ्या भागाला हौसेने तेल लावतात आणि ज्या टोकातून खरं पाणी शिरतं ते कोरडंच राहतं.

पाचवी: चिकटपणा आणि खवट वास

हा चुकीच्या तेलाचा परिणाम. शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन, करडई ही आपली फोडणीची तेलं हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू बदलतात. नीट कडक होत नाहीत आणि पातळही राहत नाहीत. आधी चिकट होतात, मग खवट. ऑलिव्हच्या लाकडाला ऑलिव्ह तेल लावणं म्हणजे घरचंच माणूस, असं वाटणं साहजिक आहे. पण तेल फळातून निघतं, लाकडाशी त्याचं काही विशेष सख्य नाही, आणि तेही कालांतराने खवटतंच.

उपाय असा: गरम पाण्यात भांड्याचा साबण, मऊ घासणी, लगेच विसळायचं. वास राहिला तर खायच्या सोड्याची पातळ पेस्ट लावून पंधरा मिनिटांनी धुवा. सोड्याने लाकूड थोडं गडद होऊ शकतं, म्हणून आधी दांड्याच्या मागच्या बाजूला करून पाहा. तरीही चिकट राहिलं तर वरचा थर पेपरने काढावा लागेल.

सहावी: खरखरीतपणा आणि पॉलिश पेपर

लव उभी राहणं हा बिघाड नाही. कारागिराने घासून गुळगुळीत करताना दाबलेले तंतू पहिल्या धुण्यात फुगून वर येतात. हार्डवेअरच्या दुकानात २२० आणि ३२० नंबरचा पॉलिश पेपर मागा, चहाच्या पैशात मिळतो. चमचा ओल्या फडक्याने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग २२० ने रेषांच्या दिशेने हलक्या हाताने. पुन्हा ओलं, पुन्हा वाळवणं, आणि ३२०. असं एकदोनदा केलं की लव परत फारशी येत नाही. ओल्या लाकडावर पेपर मारू नका, तंतू कापले न जाता नुसते उपसतात. आणि तोंडाच्या पातळ कडेला जोर लावू नका. हाताने कोरलेल्या चमच्याची कड एरवीच झिरझिरीत असते.

सातवी: आता तेल

लाकूड स्वच्छ, गुळगुळीत आणि खरोखर कोरडं असेल तरच. भर जुलैत, हाताला थंड लागणाऱ्या लाकडाला तेल लावलं तर आतला ओलावा बाहेर पडायचा वेग आणखी मंदावतो आणि बुरशीला बरंच फावतं. मी दोनच वेळा सुचवते: मेअखेर, पाऊस यायच्या आधी, आणि पाऊस गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, लाकूड जरा सावरलं की.

औषधाच्या दुकानात मिळणारं 'आय.पी.' (म्हणजे औषधी दर्जाचं) लिहिलेलं लिक्विड पॅराफिन माझी पहिली पसंती. ते खवटत नाही, वास नाही. मात्र ते कडक होत नाही, धुण्यात हळूहळू निघून जातं, म्हणून अधूनमधून पुन्हा लावावं लागतं. घरात असलेलंच वापरायचं तर खोबरेल. त्यातली बहुतांश चरबी संतृप्त असल्याने ते फोडणीच्या इतर तेलांपेक्षा खूप उशिरा खवटतं. जवसाचं तेल खरं तर सगळ्यात टिकाऊ, कारण ते लाकडात मुरून हवेने घट्ट होतं. पण त्याला वाळायला दिवस लागतात, दमट हवेत आठवडेही. रंगाच्या दुकानातलं उकळलेलं जवस तेल भांड्याला नको, त्यात वाळवणारी धातूंची संयुगं असतात. आणि जवसाने माखलेलं फडकं चुरगाळून कचऱ्यात टाकू नका. ते वाळताना तापतं आणि आपोआप पेट घेऊ शकतं. दोरीवर मोकळं पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून मग टाका.

लावायचं कसं? पातळ हात, रात्रभर ठेवा, सकाळी कोरड्या फडक्याने जादाचं पुसून काढा. दांड्याच्या टोकाला तीन-चार वेळा लावा, पितं तोवर. मग त्याच टोकाला मधमाशीचं मेण. मेण ६२-६४ अंशांना वितळतं. वाटीत घेऊन ती गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा, थेट गॅसवर नाही. दांड्याचं टोक बोटाच्या पेराएवढं बुडवा, काढा, थिजलं की पुसा. सगळ्या चमच्यासाठी चार भाग पॅराफिनला एक भाग मेण असं वितळवून ठेवलं तर ते मलमासारखं होतं आणि वर्षभर पुरतं.

आठवी: चीर किती खोल?

चिरेच्या एका बाजूला पाण्याचा थेंब सोडा आणि दुसऱ्या बाजूला पाहा. ओल पलीकडे आली तर चीर आरपार. आली नाही तर वर्तमानपत्राची कड चिरेत घालून बघा. कड आत जातच नसेल तर ती वरवरची आहे. मेण भरा, वापरत राहा, दर महिन्याला नख फिरवून पाहत जा.

दांड्याच्या टोकाची चीर खोल असली तरी चमचा वाचतो. चीर जिथे संपते त्याच्या बोटभर पुढे बारीक दातांच्या करवतीने टोक कापून टाका, कानशीने गोल करा, पेपर मारा, तेल आणि मेण. दांडा आखूड होतो, बाकी काही नाही. चीर जिथे संपलेली दिसते, लाकडात ती त्याहून थोडी पुढे गेलेली असते, म्हणून बोटभर सोडायचं.

कापलेल्या टोकाकडे निरखून पाहा. बारीक ठिपका आणि त्याभोवती वर्तुळं दिसली तर तुकड्यात फांदीचा गाभा आलाय. गाभ्यापासून फुटलेली चीर कितीही बुजवली तरी पुन्हा उघडते, कारण गाभ्याभोवतीचं लाकूड वेगवेगळ्या दिशांना आक्रसतं. असा चमचा नवीन घेतानाच ओळखता आला तर बरं.

चिरेत फेव्हिक्विक, अराल्डाइट, एम-सील भरून आणलेले चमचे मी बरेच पाहिलेत. दांड्यावर एक वेळ चालेल. उकळत्या आमटीत जाणाऱ्या तोंडावर नको. हे चिकट पदार्थ रोज तापण्यासाठी आणि खाण्यात येण्यासाठी केलेले नाहीत. शिवाय लाकूड हलतं, भरण हलत नाही, मग शेजारीच नवी चीर.

नववी, सगळ्यात कटकटीची: ट्रॉलीमागची भिंत

सगळं करून झालं आणि बुरशी दर पंधरवड्याला परत येतेच आहे. अशा वेळी चमच्यांकडे बघणं सोडा, ते राहतात ती जागा बघा. चमचे ठेवायचा ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून मागे टॉर्च मारा. लाटणं, पोळपाट, बेसनाच्या डब्याखालची फळी, सगळ्यांनाच वास येत असेल तर दोष लाकडाचा नाही. ठाणे-नवी मुंबईतल्या जुन्या इमारतींत स्वयंपाकघराची भिंत बऱ्याचदा बाथरूमला लागून असते आणि मॉड्युलर किचनच्या फळ्यांमागे ती वर्षानुवर्षं झाकलेली राहते. भिंतीला कोरडं वर्तमानपत्र चिकटपट्टीने लावून दोन दिवसांनी पाहा. पाऊस नसतानाही कागद दमट लागला, रंगाचे पापुद्रे निघालेले असले, तर मुरणारं पाणी आहे.

कधी थांबायचं

भिंत ओली असेल तर प्लंबर आणि वॉटरप्रूफिंगवाला. सोसायटीत वरच्या मजल्याशी बोलावं लागेल, ते काही चमच्याच्या तेलाने सुटणार नाही. तोवर लाकडी भांडी बाहेर, हवेवर ठेवा.

भोकं आणि ताजा भुसा असेल तर आत लाकूड पोखरणारा किडा आहे. ऑलिव्हमध्ये हे कमी दिसतं, दिसलं तर सहसा कडेच्या फिक्या रंगाच्या लाकडात. भुसा झटकून चमचा काळ्या कागदावर ठेवा. दोन दिवसांत पुन्हा भुसा पडला तर किडा जिवंत. चमचा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवता येतो. पण भुसा ट्रॉलीच्या फळ्यांखालीही दिसत असेल तर पेस्ट कंट्रोलवाल्यालाच बोलवा. खाण्याच्या भांड्यावर स्वतः औषध फवारू नका, आणि फवारलं गेलेलं भांडं परत स्वयंपाकात नको.

तोंडातून आरपार गेलेली चीर, नख दाबलं तर रुतेल इतकं मऊ झालेलं काळं लाकूड, पेपर मारूनही खाली काळंच निघणारी बुरशी: ह्या तिन्हींत दुरुस्ती नाही. मी पैसे घेत नाही, परत पाठवते. चिरेत अडकलेलं अन्न धुऊन निघत नाही. विकणारे "हे लाकूड मुळातच जंतुनाशक" असं सांगतात, त्यावर विसंबू नका. १९९० च्या दशकात अन्नातल्या जंतूंचे अमेरिकन अभ्यासक डीन क्लायव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाकडी आणि प्लास्टिकचे बोर्ड तपासले, तेव्हा लाकडात शोषले गेलेले जीवाणू वाढत नाहीत, हळूहळू मरतात असं त्यांना दिसलं. ते खरं, पण म्हणून फुटलेल्या चमच्याने कोंबडी-मासळी ढवळावी असं कुणीच म्हटलेलं नाही.

मोठा बोर्ड वाकला असेल, किंवा पट्ट्या जोडून केलेल्या बोर्डाचा सांधा उघडला असेल, तर घरी शिकंजा लावून दाबू नका, सुताराकडे न्या. ऑलिव्हची रुंद अखंड फळी क्वचितच मिळते म्हणून बोर्ड जोडलेले असतात, आणि सांधा पुन्हा बसवायला दोन्ही कडा रंध्याने सरळ कराव्याच लागतात. लाटांसारख्या रेषांवर रंधा उलटा फिरला तर कपच्या उडतात, म्हणून कठीण लाकडाची सवय असलेला सुतार बघा. आणि त्याला आधीच बजावा की हे जेवणाचं भांडं आहे. फर्निचरच्या सवयीने तो मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारून चकचकीत करून देईल, आणि सहा महिन्यांत त्याचे पापुद्रे भाजीत निघतील.